न भरणारी टाकी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही दिवसांपूर्वी आपल्या दैनिकात तापीच्या एका बंधाऱ्याच्या फुगवट्यातल्या जलपर्णीचा फोटो आला होता. लांबून पाहिलं तर मेथीचा वाफा वाटावा, इतकी दाट. खाली लिहिलं होतं की ती काढायला यंत्र येणार आहे. येऊ द्या. पण ती जलपर्णी काय खाऊन एवढी माजली, ते बातमीत कुठंच नव्हतं. मला ते ठाऊक आहे. तिला खाऊ घालणाऱ्यांत बत्तीस वर्षं मीही होतो, म्हणून हे पत्र लिहायला बसलो. पत्र लांबेल. जागा कमी पडली तर मधलं काढा, पण टाकीच्या तळाबद्दल लिहिलंय तेवढं राहू द्या.

मी गवंडी आहे. शिक्षण दहावीपर्यंत. चोपडा, अमळनेर, शिरपूर या तीन तालुक्यांतल्या तापीकाठच्या गावांत घरं बांधली, पण माझं नाव झालं ते संडासाच्या टाक्यांमुळे. २०००-०१ मध्ये संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान सुरू झालं तेव्हापासून हे काम वाढत गेलं. २०१४ ला स्वच्छ भारत अभियान आलं, घरामागे बारा हजारांचं अनुदान आलं, आणि पुढं चार-पाच वर्षं डोकं खाजवायला फुरसत नव्हती. टाक्या मोजल्या नाहीत, पण पाचशेच्या खाली नसतील.

गिऱ्हाईक सगळीकडे एकच गोष्ट सांगायचं. "नाना, टाकी अशी बांधा, जन्मात भरायला नको." आणि मी छातीवर हात ठेवून सांगायचो, की भरली तर पैसे परत. कुणालाही पैसे परत करावे लागले नाहीत. वीस-वीस वर्षं झालेल्या माझ्या टाक्या अजून भरलेल्या नाहीत. लोक पाहुण्यांना कौतुकानं सांगतात.

त्या का भरल्या नाहीत ते सांगतो. खरी सेप्टिक टाकी म्हणजे चारी बाजूंनी आणि तळानं बंद असलेली पेटी. पाच माणसांच्या घराला आतून दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि पाणी मीटरभर खोल, एवढी पुरते. मैला आत आला की जड भाग तळाशी बसतो, तेलकट भाग वर साय धरतो, आणि मधलं पाणी पुढं शोषखड्ड्यात जातं. तळाचा गाळ दोन-तीन वर्षांनी उपसावा लागतो. म्हणजे टाकी भरते. भरणं हेच तिचं काम. मी बांधत होतो तो निव्वळ खड्डा. दहा-बारा फूट खोल, बाजूनं वीट, खालच्या थरांत उभ्या सांध्यांना मालच नाही, आणि तळाला काँक्रीट तर सोडाच, साधी फरशीही नाही. आत पडेल ते जमीन पिऊन घेणार. वर स्लॅब पडला की खाली काय आहे ते कोण बघतंय? अनुदानाचा फोटो भांड्याचा आणि दाराचा काढतात. तळाचा फोटो कुणी मागत नाही.

सरकारी नकाशात खरं तर खेड्यासाठी चांगली रचना होती. दोन उथळ शोषखड्डे. एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं, पहिला वर्ष-दोन वर्षं झाकून ठेवायचा, त्याचं खत होतं. प्रशिक्षणात आम्हाला ते दाखवलंही होतं. पण गावात कुणाला पटत नव्हतं. "दोन कशाला? एकच मोठा करा." मीही एकच मोठा करत गेलो, कारण त्यात वीट जास्त लागते आणि मजुरीही जास्त मिळते. हे लिहिताना हात थांबतो, पण खरं तेच आहे.

एकदाच मला कुणी प्रश्न विचारला होता. एका घरी काम चालू असताना त्यांची म्हातारी खाटेवरून माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "हाई पानी कथा जास, दादा?" मी म्हटलं, जमिनीत. ती म्हणाली, "मंग आपली इहीर?" विहीर अंगणाच्या कडेला, पंचवीस पावलांवर होती. मी हसून वेळ मारून नेली.

त्या प्रश्नाचं उत्तर मला आठशे किलोमीटर लांब जाऊन सापडलं. माझी लेक सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे. आपल्या खानदेशातली किती पोरं-पोरी कोकणात शाळांवर आहेत आणि आंतरजिल्हा बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसली आहेत, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. गेल्या डिसेंबरात मी नातवासाठी तिकडे महिनाभर राहिलो. मालवणच्या दक्षिणेला तारकर्लीपासून देवबागपर्यंत वाळूची एक लांब पट्टी आहे. एका बाजूला कर्लीची खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र. काही ठिकाणी पुढच्या दारात समुद्र ऐकू येतो आणि मागच्या दारात होडी बांधलेली असते. किनाऱ्यावरच्या अशाच एका वाळूच्या गावात लेक भाड्यानं राहते. घरमालक साठीचे, पूर्वी मासेमारी करायचे, आता चार खोल्यांचं न्याहरी-निवास चालवतात. पोर त्यांना काका म्हणते, म्हणून मीही काकाच म्हणतो.

काकांना आणखी दोन खोल्या काढायच्या होत्या. मी गवंडी आहे हे कळल्यावर म्हणाले, नानानू, टाकीची जागा तेवढी बघा. मी कुदळ घेतली. वाळू असल्यानं खणायला सोपं. साडेचार फुटांवर पाणी लागलं. आपल्याकडे रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात बोअर कितीशे फूट जाते ते आठवून मला आधी आनंदच झाला. मग सवयीनं काडी रोवून पाण्याला खूण केली आणि जेवायला गेलो. संध्याकाळी येऊन बघतो तर पाणी खुणेच्या वर वीतभर. पाऊस नाही, कुणी पाणी सोडलं नाही. काका म्हणाले, भरती आली. रात्री उशिरा बॅटरी घेऊन गेलो तेव्हा ते पुन्हा खाली गेलेलं.

मी खड्ड्याच्या काठावर बसून राहिलो. समुद्र खालून श्वास घेत होता आणि मी तिथं तळ नसलेली टाकी बांधणार होतो. काकांची आहे ती टाकीही तशीच, तिकडच्या कुणा गवंड्यानं बांधलेली. ती दिवसातून दोन वेळा खालून धुतली जात होती. ती कशाला भरेल? तिच्यापासून त्यांची विहीर वीस पावलांवर. शेजाऱ्याची त्याहून जवळ. पट्टीच एवढी अरुंद की लांब जायला जागाच नाही. त्या विहिरीचं पाणी आता कुणी पीत नाही, भांड्यांना आणि बागेला वापरतात. प्यायला प्लास्टिकचे वीस लिटरचे जार येतात.

जमिनीची किंमत मला त्या दिवशी कळली. मैल्याचं पाणी टाकीतून बाहेर पडतं तेव्हा ते नितळ दिसलं तरी स्वच्छ झालेलं नसतं. टाकी गाळ धरते, पण जंतू आणि नत्र बऱ्याच अंशी पुढं जातात. पुढचं काम जमीन करते. पण त्यासाठी खाली कोरडी, हवा खेळती माती लागते. मातीच्या कणांवर राहणारे बारीक जीव ते पाणी साफ करतात. खड्ड्याच्या तळाखाली लगेच भूजल असेल तर मधे साफ करणारं कुणीच उरत नाही, घाण पाण्यातून पाण्यात जाते. आपल्या तापीकाठी ही कोरडी माती पुष्कळ आहे, म्हणून आपलं पाप उशिरा दिसतं. त्या वाळूच्या पट्टीत ते दिवसात दोनदा दिसतं.

एका रविवारी आम्ही होडीनं सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर त्याचं काम सुरू केलं. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि मधोमध दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. मी कितीतरी वेळ वाकून बघत होतो. किनाऱ्यावर पावसाचं मुरलेलं गोडं पाणी हलकं असतं, ते खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, दुधावर साय धरावी तसं. काकांच्या पट्टीवरची वस्ती त्या सायीवरच पिढ्यान्‌पिढ्या जगली. ती साय फार पातळ असते. तिच्यातच आपण संडास सोडतो.

किल्ल्याच्या भोवतीचा समुद्र मालवण सागरी अभयारण्यात येतो. १९८७ साली ते जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. त्या खडकांवर पोवळं आहे हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं पोवळं म्हणजे सोनाराकडं अंगठीत बसवतात ते. होडीवाल्या पोरानं सांगितलं, हे वेगळं, आणि हे जिवंत असतं. लेकीनं मग नीट समजावलं. पोवळ्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि पोवळ्याला देतं. त्यासाठी पाणी नितळ हवं, ऊन तळापर्यंत जायला हवं. पोवळ्याची वाढ फार सावकाश, काही जातींत वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर. अशा ठिकाणी पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढलं, की बाहेरचं मोठं शेवाळ झपाट्यानं माजतं. ते पोवळ्यावर चढतं, त्याचं ऊन अडवतं, नव्या पोवळ्याला खडकावर बसायला जागा ठेवत नाही. गाळ येऊन बसला तर आणखी वाईट.

हे ऐकताना मला आपली जलपर्णी आठवली. खाऊ एकच. मी शेतकऱ्याच्या घरचा, मला युरियाच्या गोणीत हिशेब समजतो. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला दोन-तीन किलो नत्र बाहेर पडतं, त्यातलं बरंचसं लघवीतून. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीत वीस किलोच्या वर नत्र असतं. म्हणजे सात-आठ माणसांमागे वर्षाला युरियाची एक गोणी. दोन हजार वस्तीच्या गावातून अडीचशे गोण्या. एवढा युरिया कुणी ट्रॅक्टरनं आणून नदीत ओतला तर गाव त्याला बांधून ठेवील. आपण तो भांड्यातून ओततो आणि मग जलपर्णी काढायला यंत्र मागवतो. तिकडे हेच खत जलपर्णीच्या जागी पोवळ्यावरचं शेवाळ होऊन येतं, एवढाच फरक. तापीचं पाणी मालवणला जात नाही, हे मला कळतं. मुलताईहून निघून ७२४ किलोमीटर चालून ती सुरतेपुढे समुद्राला मिळते. वाटेत हतनूर, सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा, मग गुजरातेत उकाई, अशी जागोजागी अडवलेली. बंधाऱ्यात पाणी थांबतं, ऊन खातं, आणि त्यातलं खत तिथंच उगवतं. उरलेलं पुढं जातं. तिथंही कुणीतरी मासे धरणारं असेलच.

ओहोटीला मालवणच्या खडकांवर बाया कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढताना दिसल्या. हातात लोखंडी कोयती, कमरेला टोपली, पाठ वाकलेली, तासन्‌तास. वाळूत तिसऱ्या, म्हणजे वाळूतले छोटे शिंपले, शोधणाऱ्या बाया वेगळ्या. कालव असो की तिसरी, ती पाणी आत ओढते, गाळते, त्यातलं खाणं ठेवून घेते. पाण्यात मैल्याचे जंतू असले तर तेही तिच्या अंगात साठतात, आणि ती अर्धीकच्ची शिजवली तर खाणाऱ्याच्या पोटात जातात. म्हणजे संडासाचं पाणी फिरून ताटात. त्या बायांचं पोट त्या टोपलीवर आहे. पर्यटकाची खोली रिकामी राहिली तर काकांचं एका हंगामाचं नुकसान होईल. या बायांची कालवं कुणी घेईनासं झालं तर त्यांना दुसरं काही नाही.

नाताळच्या आठवड्यात काकांच्या चार खोल्यांत चौदा-पंधरा माणसं होती. टाकी एका घराच्या हिशेबानं बांधलेली. तिच्यात मैल्याला निदान दिवसभर थांबायला मिळालं पाहिजे, तरच गाळ बसतो. तिप्पट माणसं आली की आलं तसं बाहेर. किनाऱ्यावर खोल्या किती, भाडं किती, रस्ता किती रुंद, हे सगळे विचारतात. टाकी किती माणसांची, हे परवानगीच्या कागदावर आधी विचारायला हवं. किनारी क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत शुद्ध न केलेलं सांडपाणी सोडण्याची पद्धत दोन वर्षांच्या आत संपवायची असं स्पष्ट लिहिलं होतं. लेकीनं मला ते वाचून दाखवलं. मी तारीख दोनदा विचारली.

मी काकांना सांगितलं, दोन खोल्या नकोत, एकच काढा, आणि पैसे टाकीत घाला. दोन दिवस ते बोलले नाहीत. मग हो म्हणाले. टाकी उथळ घेतली. पंपानं पाणी उपसत उपसत तळाला काँक्रीट टाकलं, आतून-बाहेरून गिलावा, तीन कप्पे, शेवटच्या कप्प्यात खडी, पाणी खालून वर चढेल अशी. पुढं जमिनीपेक्षा उंच वाफा, खाली जाड प्लास्टिकचा कागद, वर खडी आणि वाळू, त्यात कर्दळ लावली. तिथून पाणी माडांना. अंघोळीचं पाणी त्यांनी आधीपासूनच वेगळं काढून माडांकडे, अळूकडे सोडलेलं होतं. कोकणात ती जुनी रीत आहे, आपण ती घ्यावी. एक गोष्ट मला तिथंच शिकायला मिळाली. भूजल वर असलेल्या जागी घट्ट बांधलेली रिकामी टाकी होडीसारखी वर उचलली जाते. म्हणून गिलावा वाळला की ती लगेच पाण्यानं भरायची. आम्ही काठोकाठ भरली, खडूनं रेघ मारली आणि झोपलो. सकाळी पाणी रेघेवर. पुढच्या सकाळीही रेघेवर. बत्तीस वर्षांत पाणी धरून ठेवणारी ही माझी पहिली टाकी.

काका बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे ही आता भरतली?" मी म्हटलं, हो, दोन वर्षांत उपसावी लागेल. "उपसतलो कोण? आणि टाकतलो खंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनीच मग अप्पासाहेब पटवर्धनांची गोष्ट काढली. कोकणचे गांधी म्हणत त्यांना. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून त्यांनी १९३२ साली उपोषण केलं होतं, आणि येरवड्यातून गांधीजींनी त्यांना साथ दिली. पुढं १९४८ ला कणकवलीत गोपुरी आश्रम उभारला, मैल्याचं खत करणारे संडास बांधले. काका लहानपणी तिथं गेले होते. म्हणाले, त्या माणसाला उपसतो कोण आणि टाकतो कुठं याची लाज वाटत नव्हती. आपण सिमेंटनं झाकलं आणि विसरलो.

गावी परत आलो तो हाच प्रश्न घेऊन. आमच्या भागात मैला उपसणारी सक्शनची गाडी आहे. ट्रॅक्टरला जोडलेला टाका आणि पंप, खेपेचे दीड हजार. एका सकाळी मी मोटारसायकलनं तिच्या मागं मागं गेलो. गावाबाहेर नाल्याच्या पुलाजवळ ड्रायव्हरनं वळवली, नळी सोडली, पाच मिनिटांत टाका रिकामा. तो नाला पावसाळ्यात थेट नदीला मिळतो. मी थांबलो तसा पोरगा घाबरला. मग म्हणाला, "नाना, मग कुठं नेऊ? तुम्ही जागा दाखवा, मी तिथं सोडतो. शेतकरी शेतात सोडू देत नाहीत, पालिकेच्या डेपोवर घेत नाहीत." त्याचं काय चुकलं? शंभर घरांतला मैला एका पोरानं गुपचूप कुठंतरी नाहीसा करावा अशी आपली सगळ्यांची सोय आहे. आणि विनातळाची टाकी ही तीच सोय, फक्त ड्रायव्हरशिवाय.

हे जमत नाही असं नाही. सातारा जिल्ह्यातल्या वाईनं आणि आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरनं घराघरांतल्या टाक्या पाळीपाळीनं उपसायला घेतल्या. तुंबल्यावर फोन करायचा नाही, तीन वर्षांत प्रत्येक टाकीची पाळी येतेच, पैसे स्वच्छता करातून, आणि गाडी रिकामी करायला मैला शुद्ध करण्याचं केंद्र. बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत असं केंद्र २०१५ पासून आहे. मोठी गटारं आणि मोठे प्रकल्प यांची वाट बघत बसलो तर आपली पाळी कधी येईल? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकड्यांत शहरी भारतात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६. ज्यांच्याकडे नळ्या, यंत्रं, इंजिनिअर आहेत, त्यांची ही गत. दहा-बारा हजार वस्तीच्या गावाला आधी वाळवण वाफे पुरतात. मैला पसरायचा, पाणी खाली गाळून घ्यायचं, सुकलेलं ऊन खाऊ द्यायचं, जंतू मरेपर्यंत नीट कुजवायचं, मग त्याचं खत. खाली गळणाऱ्या पाण्याचीही सोय लागते, ती विसरू नये. बांधकाम अवघड नाही, मी स्वतः बांधू शकतो. अवघड आहे ते गाडी रोज तिथंच जाते की नाही हे वहीत लिहिणं. एका ठिकाणी असे वाफे बांधून झालेले मी पाहिले. फाटकाला कुलूप होतं आणि वाफ्यांत एरंड उगवला होता.

एक गोष्ट माणसाच्या जिवाची आहे, ती गाळू नका. टाकीत माणूस उतरवायचा नाही. मैलाच्या टाकीतला वायू दोन श्वासांत माणूस पाडतो, आणि वाचवायला उतरतो तोही जातो. २०१३ च्या कायद्यानं संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं गुन्हा आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना तीस लाख द्या असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. नवी टाकीही सोडत नाही. पावसाळ्यात एकदा माझ्या हाताखालचा पोरगा बंद टाकीचं सेंट्रिंग काढायला उतरला. आत मैल्याचा थेंब नव्हता, फक्त ओल्या फळ्या महिनाभर कुजत होत्या आणि त्यांनी हवा खाऊन टाकली होती. कमरेला दोर होता म्हणून ओढून काढला. तो आज दोन मुलांचा बाप आहे. तेव्हापासून झाकण मोठं ठेवतो आणि दोराशिवाय कुणाला वाकूही देत नाही.

जिल्हा परिषदेकडे आणि नगरपालिकांकडे माझं मागणं साधं आहे. तालुक्यात निदान एक जागा ठरवा, जिथं मैल्याची गाडी रिकामी होईल. ड्रायव्हरला चोर करू नका, परवाना द्या. नव्या घराची टाकी स्लॅब टाकण्याआधी पाणी भरून, रेघ मारून, दुसऱ्या दिवशी बघूनच पास करा. जिथं शोषखड्डेच करायचे तिथं दोन उथळ करा, विहिरीपासून दूर करा. आटलेल्या विहिरीत आणि बंद पडलेल्या बोअरमध्ये संडास सोडलेले मी डोळ्यांनी पाहिले आहेत. ते आधी बंद करा, कारण ती घाण मातीला न विचारता सरळ खोल जाते. आणि गवंड्यांना पुन्हा शिकवा. आम्ही शिकतो. आम्हाला कुणी तळ विचारला नाही, म्हणून आम्ही बांधला नाही.

माझ्या गिऱ्हाइकांना या पत्रातून सांगतो, तुमची टाकी भरत नाही त्याचं कौतुक आता करू नका. मला बोलवा. झाकण उघडून बघू, तळ करता येईल का ते सांगेन. बघण्याचे पैसे घेणार नाही.

सुरुवात घरापासून केली आहे. माझी स्वतःची टाकी १९९८ सालची. गिऱ्हाइकांना नमुना म्हणून मी तीच दाखवायचो. गेल्या आठवड्यात दोर बांधून वरूनच बांबू घातला, तो चिखलात रुतत गेला आणि कुठं टेकलाच नाही. घरची बोअर तिच्यापासून तीस फुटांवर आहे. नवी टाकी शेजारी खणून ठेवली आहे, तळ घातला आहे, रेघ मारून झाली आहे. जुनीतला मैला उपसल्याशिवाय ती बुजवता येत नाही. गाडी कुठं रिकामी करायची, ते ग्रामपंचायतीला आणि तहसील कचेरीला लेखी विचारलं आहे, पोच घेतली आहे. टँकरच्या पोराला सांगून ठेवलंय की जागा कळेपर्यंत येऊ नकोस.

नाव छापू नये ही विनंती. ज्यांच्या टाक्या मी बांधल्या त्यांना गावात उगीच बोल लागायला नको, दोष माझ्या हाताचा आहे.

आपला,
तापीकाठचा एक गवंडी
जि. जळगाव